रिकाम्या हंड्याचं गाऱ्हाणं

गेल्या महिन्यात रत्नागिरीला आमच्या महिला मंडळात एका बाईंचं व्याख्यान झालं. नवरा-बायकोतली भांडणं आणि ती मिटवायची कशी, असा विषय. बाई बोलल्या छान, खोटं कशाला सांगू? म्हणाल्या, "तुम्ही माझं कधीच ऐकत नाही, असं म्हणू नका. मला अमुक त्रास होतो, तुम्ही तमुक करा, असं म्हणा. तक्रारीचे शब्द बदला, संसार बदलेल." सभागृह बायकांनी भरलेलं होतं. पुरुष एकच, माईकवाला, आणि त्याचंही अजून लग्न व्हायचं होतं. शेवटी मी उठले आणि विचारलं, "हेच व्याख्यान नवऱ्यांसाठी कधी ठेवलंय?" सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. उत्तर काही मिळालं नाही.

मला हसू येत नव्हतं. रिक्षात बसून घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. बाई सांगत होत्या त्यातलं अर्धं अगदी खरं आहे, हे मला कुणी सांगायला नको. ते मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी शिकले, तेही व्याख्यान न ऐकता. पण उरलेल्या अर्ध्याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझं सासर जयगडच्या खाडीकडचं. आणे जाऊन नवे पैसे यायच्या थोडं आधीची ही गोष्ट. घर सड्याच्या कडेला, म्हणजे वर सगळा काळा कातळ आणि त्याच्या टोकाला आमचं कौलारू घर. परसात एक बाव, म्हणजे विहीर, होती, पण ती शिमगा आटोपला की तळाला जायची. मग पाणी खालच्या बावीवरून. खाली उतरायला पाखाडी, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. उतरताना काही वाटत नाही. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढताना मात्र त्या पायऱ्या एकेक करून मोजून घेतात. चैत्र-वैशाखात मी सकाळ-संध्याकाळ तेवढंच करत असे. घरात सासूबाई, हे आणि मी. सासूबाईंचे गुडघे गेलेले. म्हणजे पाणी माझं.

आता ह्यांचं सांगते. हे दिसायला बरे, कष्टाला वाघ. घरामागच्या कातळात सुरुंग लावून ह्यांनी खड्डे काढले होते, खालून माती आणून भरली होती आणि त्यांत हापूसची कलमं लावली होती. लहान कलमांना उन्हाळाभर पाणी घालावं लागतं. त्यासाठी हे रोज संध्याकाळी खालच्या बावीवरून कावड आणत. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना रॉकेलचे डबे, काठोकाठ भरलेले. त्याच पाखाडीने. माझ्या पुढून. स्वयंपाकघराच्या दारावरून डबे हिंदकळत घरामागे जायचे आणि पाणी कलमांच्या आळ्यांत पडायचं. आणि मी मागून हंडा घेऊन धापा टाकत चढायचे.

कुणाला वाटेल, मग त्या कावडीतलं पाणी घरात का ओतत नव्हते? कारण कावड पुरुषाची आणि हंडा बाईचा. कलमाला पाणी घालतो तो कष्टाळू. घरात पाणी आणतो तो बायकोच्या ताटाखालचं मांजर. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. पण सगळा गाव ते पाळत होता, आणि ज्यांच्या डोक्यावर हंडा होता त्या बायकाच सगळ्यांत कडक पाळत होत्या.

मी सांगतेय त्याच्या आदल्या वर्षी वैशाखात माझं पहिलं मूल गेलं. सहावा महिना होता. पाणी घेऊन वर आले, हंडा घडवंचीवर ठेवला आणि कळ आली ती थांबलीच नाही. सुईण आली, तिने करायचं ते केलं. नंतर जो तो येऊन बोलून गेला. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं पाखाडीच्या वळणावर जागा वाईट आहे, तिन्हीसांजेला पोटुशी बाई तिथून आली की धरते. पाणी हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. हंडा तिथेच समोर होता. त्यातलं पाणी पिऊन लोक घरी गेले.

आणि ह्यांनी काय केलं? पाखाडीच्या वळणावर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. काही अडलं-नडलं, काही नवं करायचं असलं, की नारळ ठेवून देवापुढे उभं राहायचं. एकाने मोठ्याने सगळं मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" हे म्हणणं म्हणजे सगळ्यांची साक्ष. एकदा "व्हय म्हाराजा" झालं की ते मागे घेता येत नाही. हे मांडायचं काम कुणालाही जमत नाही. आमच्या वाडीत ते ह्यांचं होतं. घरभरणी असो, नवी होडी पाण्यात लोटायची असो की लग्नाच्या मुहूर्तमेढीचा दिवस असो, बोलावणं ह्यांना. काय तो आवाज, काय ते शब्द! पार मालगुंडाहून माणसं न्यायला यायची.

तर वळणावरच्या एका दगडापुढे हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून ह्यांनी विनवलं की माझ्या घरच्या माणसाला इथून सुखाने येऊ-जाऊ दे. दगडाला विनवलं. हंडा काही हातात घेतला नाही. आजही ते आठवलं की माझ्या हातापायांची आग होते.

मी काही गप्प बसणारी नव्हते. ओली बाळंतीण नसून बाळंतिणीसारखी पडून होते तेव्हापासून माझं तोंड सुरू झालं. "तुम्हाला माझं काही आहे का?" "ह्या घरात माझ्यापेक्षा कलमांची किंमत जास्त." "तुम्ही कधी म्हणून माझ्याकडे बघितलं नाही." सगळं खरं होतं, शब्दन् शब्द. पण परिणाम काय? हे ताटावरून उठायचे, पंचा खांद्यावर टाकायचे आणि बाहेर पडायचे. जाताना एकच वाक्य, "रोजचंच हाय तुजं." दुसऱ्या दिवशी पुन्हा कावड दारावरून जायची.

वर्ष असंच गेलं आणि चैत्रात मला पुन्हा दिवस असल्याचं नक्की झालं. चौथा लागला होता. परसातली बाव आटलेली. मला झोप लागेना. एक मूल पाखाडीने नेलं होतं आणि दुसरं पोटात घेऊन मी रोज तिच्यावरून चढत होते.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोड बोलावं गो बाय पुरुषाशी. तू अशी अंगावर धावतंस, मग तो तरी काय करील?"

गोड बोलावं! बरं, तेही करून पाहिलं. त्या दिवशी ताज्या बांगड्यांचं तिखलं केलं, भाकरी गरम गरम वाढली. "दमलात का हो?" म्हणून विचारलं. कलमांना नवी पालवी आली ती किती छान दिसते, असंही म्हटलं, आणि म्हणताना माझी जीभ कशी झडली नाही कोण जाणे. हे पोटभर जेवले, तृप्तीने ढेकर दिली आणि पडवीत घोरायला लागले. मी संध्याकाळी हंडा घेऊन खाली गेले. गोड बोलण्याने ह्यांना झोप चांगली लागली, एवढाच काय तो फरक. लागणारच. मी मागितलं काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात शेजारच्यांची म्हैस सड्यावर चरायला गेली ती परत आली नाही. शेजारी नारळ घेऊन ह्यांच्याकडे आला. आमच्याच खळ्यात, म्हणजे अंगणात, तुळशीपुढे, गाऱ्हाणं झालं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. आजवर शंभरदा ऐकलं असेल, पण त्या दिवशी कान वेगळे होते. हे म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आज हा तुजा लेकरू तुज्या पायाशी उभा हाय. त्याची म्हस सड्यावर गेली ती आली नाय. घरात पोरं दुधाबिगर हायत. तर म्हाराजा, तिच्या पायाला वाट दाव आणि तिन्हीसांजेच्या आत तिला गोठ्यात आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

आणि तिथेच मला एकदम दिसलं. ह्या माणसाने देवाला असं म्हटलं नाही की तुझं आमच्याकडे लक्षच नसतं. तू कधीच राखण करत नाहीस, असंही नाही. कोण उभं आहे ते सांगितलं, काय झालं ते सांगितलं, काय पाहिजे आणि कधीपर्यंत पाहिजे ते सांगितलं. बस्स. म्हशीसाठी ज्या माणसाला एवढं नीट बोलता येतं, त्याच्याशी मी वर्षभर काय बोलत होते? "तुम्हाला माझं काही आहे का?" ह्याला तो उत्तर तरी काय देणार? एक तर "आहे" म्हणेल, नाहीतर उठून जाईल. माझ्या सगळ्या बोलण्यात पाणी हा शब्द मीसुद्धा घेतला नव्हता. सहाव्या महिन्यात गेलेल्या मुलाच्या दुःखात तो शब्द काढायची माझीही छाती झाली नव्हती, हे खरं. पण त्यामुळे ह्यांचं फावलं, हेही खरं.

म्हैस दुसऱ्या दिवशी सापडली, ती गोष्ट वेगळी.

गाऱ्हाणं झालं त्याच संध्याकाळी हे कलमांना पाणी घालून आले आणि ओट्यावर पाय सोडून बसले. मी तुळशीपुढे दिवा लावला. मग आतून रिकामा हंडा आणला आणि ह्यांच्या पायांपुढे ठेवला, नारळ ठेवतात तसा. पदर खोचला, हात जोडले आणि मोठ्याने सुरुवात केली.

"बा म्हाराजा, आज ह्या घराची सून तुमच्या पायरीशी उभी हाय. गेल्या वैशाखात ह्या हंड्याचं पाणी चढवताना तिचं मूल गेलं. आता दुसरं पोटात हाय. ते तिला राखायचं हाय. तर म्हाराजा, पाऊस लागून परसातली बाव भरेस्तोवर रोजचं घरातलं पाणी तुम्ही वर आणा हो म्हाराजा!"

हे तोंड उघडं टाकून बघत राहिलेले. आणि आत चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंच्या तोंडून, जन्मभराच्या सवयीने, खणखणीत आवाजात निघालं, "व्हय म्हाराजा!"

निघालं आणि त्यांच्या हातातली फुंकणी खाली पडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

हे ताडकन उठले. "देवाची चेष्टा करतंस?"

"चेष्टा नाही," मी म्हटलं. "म्हशीसाठी बोलता, ते मी माझ्यासाठी बोलले."

हे आईकडे वळले. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या, चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बोलून गेले रे मी. आता शब्द फिरवता नाय यायचा."

हे पडवीत जाऊन झोपले. सकाळी मी उठले तर घडवंचीवर हंडा नव्हता. थोड्या वेळाने पाखाडीवरून हे वर येताना दिसले. हंडा कावडीला बांधलेला, एका बाजूला. डोक्यावर घ्यायची लाज वाटली असणार. घ्या म्हटलं, कुठेही घ्या.

मी ह्यांना देव मानलं असा अर्थ कुणी काढू नये. नवरा देव वगैरे मी तेव्हाही मानत नव्हते आणि पुढेही कधी मानलं नाही. देवाकडे माणूस जे मागायचं ते स्पष्ट मागतो आणि घरच्या माणसाकडे कोड्यात बोलतो, एवढंच मला कळलं होतं.

आता गावाचं ऐका. खाली बावीवर ह्यांना बघून पुरुष खोकले, हसले, "आज सूनबाय पाण्याला आल्या काय?" म्हणून विचारून झालं. ते अपेक्षितच होतं. पण बायका! माझ्याबरोबर चढणाऱ्या, माझं मूल गेलं तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवणाऱ्या बायका म्हणायला लागल्या, "हिने गोड बोलून नवऱ्याला कामाला लावलान." गोड बोलून! मी गोड बोलले होते तेव्हा तो घोरत होता, हे त्यांना काय माहीत? सरळ बोललेल्या बाईला एक तर कजाग म्हणायचं, नाहीतर लाघवी. तिसरा शब्द आपल्याकडे तेव्हा नव्हता आणि मला वाटतं अजूनही नाही.

त्यातलीच एक, वरच्या आळीतली, गुपचूप मला विचारायला आली. तिचा नवरा खाडीवर जाळी टाकायचा आणि मिळालेलं सगळं पिऊन यायचा. मी तिला शिकवलं. 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द तोंडातून काढून टाक, काय हवं ते एकच सांग. तिने तसं सांगितलं, जाळीचे पैसे आधी घरी आणा म्हणून. तो शुद्धीवर होता, त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाय." पुन्हा दुसऱ्या दिवसापासून तेच. ती माझ्याकडे येऊन रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "एक बरं झालं. इतकी वर्सं मला वाटायचं, त्याला कळत नाय म्हणून. कळतंय हो त्याला." पुढच्या शिमग्याला ती मुलांना घेऊन बुरोंडीला भावाकडे गेली, ती कायमची. तिच्याबद्दल गाव काय बोलला ते लिहिण्याच्या लायकीचं नाही.

व्याख्यानवाल्या बाईंना मला हे सांगायचं होतं. शब्द बदलले की ऐकणाऱ्याला वाट मिळते. ज्याला ऐकायचंच नाही त्याला शब्द काय करणार? मग शब्द चुकले म्हणून बाईच्याच माथी मारायचं?

ह्यांना मात्र ऐकू येत होतं, एवढं त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. आठेक दिवस ह्यांनी पाणी आणलं ते तोंड फुगवून. रोज वर आले की म्हणायचे, "ह्या घरात माणसाला किंमत नाय." मी ऐकून घेतलं, ऐकून घेतलं आणि एक दिवस हंडा उतरवून घेताना म्हटलं, "हे काय ते नीट मांडा. काय झालं, काय हवं?" ह्यांना आधी कळेचना. गावाची गाऱ्हाणी घालणारा माणूस, स्वतःचं घालायची वेळ आली तर जीभ चाचरायला लागली. शेवटी म्हणाले, "जेवताना बोलू नको. मी जेवायला बसलो का तू सुरू होतंस. घास उतरत नाय. जेवून झाल्यावर काय ते सांग." एवढंच होतं! वर्षभर ताटावरून उठून गेले ते एवढ्यासाठी. मी हो म्हटलं. तेव्हापासून आमची भांडणं हात धुतल्यावर व्हायची, आणि पोट भरलेलं असलं की माणूस निम्मं भांडण करतो.

भाद्रपदात मला मुलगी झाली. धडधाकट, काळीसावळी, रडायला आईवर गेलेली.

ती दोन-अडीच महिन्यांची झाल्यावर तिला ग्रामदेवीच्या पायावर घालायला नेलं. आमच्या देवळात पुरुष पुढे, देवीसमोर. बायका मागे, सभामंडपाच्या खांबांपलीकडे. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं आणि "व्हय म्हाराजा"सुद्धा तिथे पुरुषांनीच म्हणायचं. घरच्या तुळशीपुढे आम्ही म्हटलेलं चालतं, देवळात नाही. मूल जन्माला घालायचं आम्ही, आणि त्याच्यासाठी तोंड उघडायचं ह्यांनी. मी मुलीला घेऊन खांबापाशी उभी होते, मनातून धुमसत.

हे नारळ ठेवून उभे राहिले. आवाज नेहमीचाच, सगळं देऊळ भरून टाकणारा. देवी, तुझ्या कृपेने लेक झाली, तिला आयुष्य दे. "व्हय म्हाराजा!" तिची दृष्ट काढ, तिच्या वाटेतला काटा दूर कर. "व्हय म्हाराजा!" मग गाऱ्हाण्यात नेहमी येतं ते आलं, काय चूकभूल झाली असेल ती पोटात घाल. तिथे प्रत्येक जण एवढं म्हणून पुढे जातो. चूक कोणती, हे कधी कुणी सांगत नाही.

हे थांबले. आणि म्हणाले, "गेल्या साली माझं पयलं मूल गेलं, म्हाराजा. लोक म्हणाले, पाखाडीवरल्या जागेनं नेलं. जागेनं नाय नेलं. पोटुशी बाई पाणी चढवत होती आणि मी तिच्या फुडून कलमांसाठी पाणी नेत होतो. ती चूक माझी. ती पोटात घाल रे म्हाराजा."

देवळात कुणी बोललं नाही. एवढे पुरुष उभे होते, म्हशीसाठी आणि होडीसाठी घसा फोडून ओरडणारे, त्यातल्या एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. कसा फुटणार? "व्हय" म्हणायचं म्हणजे स्वतःच्या घरातल्या हंड्याकडे बघावं लागलं असतं. खाली माना घालून सगळे जमिनीकडे बघत राहिले. गाऱ्हाणं साक्षीवाचून तसंच अडकून पडलं. हे पाठमोरे, हात जोडून तसेच उभे होते. मी मुलीला छातीशी घट्ट आवळलं, रागाने की कशाने ते मला अजून सांगता येत नाही.

तेव्हा माझ्या शेजारून, खांबाच्या मागून, जिथून बाईने बोलायचं नसतं तिथून, सासूबाई म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!"

ह्या वेळी ते त्यांच्या तोंडून चुकून निघालेलं नव्हतं.